गाभण गिनीपिग: शेवटचे पंधरवडे, वीण आणि त्यानंतरची काळजी

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. दीड महिन्याच्या असताना दोन्ही माद्या समजून आणलेल्या गिनीपिगांपैकी एक नर निघाला. चार महिने दोघे एकाच पिंजऱ्यात राहिले. आता मादीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगले असून हात ठेवला की आत हालचाल जाणवते. ती केव्हा विणार, अडली तर काय करावे, पिल्लांना काय लागते आणि गिनीपिगांना एरवी कोणते आजार होतात, हे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे लहान प्राण्यांवर उपचार करत आलो आहे. माझ्यापर्यंत आलेल्या गाभण माद्यांपैकी ज्या दगावल्या, त्यांतील बहुतेक प्रसूतीच्या कळांनी नव्हे, तर त्याआधी एक-दोन दिवस खाणे सुटले होते आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही म्हणून दगावल्या. त्यामुळे या उत्तरात खाण्याचा विषय वारंवार येईल.

पहिली गोष्ट, नर आजच वेगळा करावा. तो मादीला किंवा पिल्लांना इजा करील अशी भीती पुष्कळांना वाटते, पण खरे कारण वेगळेच आहे. गिनीपिगची मादी व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते आणि नर जवळ असेल तर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहते. मग पहिली पिल्ले अंगावर पीत असताना पोटात दुसरी वाढू लागतात, मादीच्या अंगातील चुना (कॅल्शियम) आणि चरबी झपाट्याने ओसरते आणि दुसरे वेत तिला झेपत नाही. वीण रात्री केव्हा होईल हे सांगता येत नसल्यामुळे ‘व्याली की नर काढू’ हा बेत जवळजवळ नेहमी फसतो. नराचा पिंजरा शेजारी ठेवावा, म्हणजे दोघांना एकमेकांचा आवाज आणि वास मिळत राहतो आणि ताटातुटीचा ताण कमी होतो. पुढे दोघांना एकत्र ठेवायचे असेल तर नराचे खच्चीकरण करून घ्यावे. मात्र शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून किमान सहा आठवडे थांबून मगच त्याला मादीजवळ सोडावे.

गिनीपिगचा गर्भकाळ साधारण 59 ते 72 दिवसांचा असतो. पोटात पिल्ले जास्त असतील तर तो थोडा लवकर संपतो आणि एक-दोनच असतील तर लांबतो. इतक्या लहान प्राण्याच्या मानाने हा काळ मोठा आहे, आणि म्हणूनच पिल्ले पूर्ण वाढूनच जन्माला येतात. बाहेरून हालचाल स्पष्ट जाणवू लागते ती सहसा दीड महिना उलटल्यावर. यावरून आपल्या मादीला फार तर दोन ते तीन आठवडे उरले असावेत, असा माझा अंदाज आहे. पोट स्वतः दाबून पिल्ले मोजण्याचा प्रयत्न कृपया करू नये. या अवस्थेत चुकीचा दाब पडला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. पिल्ले किती आहेत हे जाणणे आवश्यक वाटले तर पशुवैद्याकडून सोनोग्राफी किंवा शेवटच्या टप्प्यात एक्स-रे करून घ्यावा. आधी संख्या कळली असेल तर सगळी पिल्ले बाहेर आली की नाही, हे विणीच्या रात्री ठरवता येते.

वयाबद्दलची आपली काळजी रास्त आहे, पण आपल्या मादीच्या बाबतीत ती मोठी नाही. मादीच्या ओटीपोटाच्या तळाशी दोन हाडे कूर्चेने जोडलेली असतात. विणीच्या आधी शरीरातील संप्रेरकांमुळे ही कूर्चा सैल होते, हाडे एकमेकांपासून दूर सरकतात आणि पिल्लाच्या मोठ्या डोक्याला वाट मिळते. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नाही, तर हा सांधा घट्ट होण्याचा आणि पुढे वीण अडण्याचा धोका वाढतो. मोठ्या वयाची, पहिल्यांदाच गाभण राहिलेली मादी प्रत्येक वेळी अडतेच असे नाही. तरीही तिच्यासाठी शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना आधीच ठरवून ठेवावा. आपली मादी आता सुमारे साडेपाच महिन्यांची असल्यामुळे सांधा सैल होण्याची शक्यता चांगली आहे. मूत्रद्वाराच्या अगदी पुढे, पोटाच्या मध्यरेषेवर बोटाचे टोक हलकेच ठेवले तर ही हाडे हाताला लागतात. एरवी ती एकमेकांना भिडलेली असतात. विणीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्यामध्ये फट जाणवू लागते, आणि एका बोटाची, म्हणजे दीड ते दोन सेंटीमीटरची, जागा झाली की साधारणपणे दोन दिवसांत वीण होते. ही तपासणी एकदा पशुवैद्याकडून शिकून घ्यावी आणि मादी शांत असेल तेव्हाच करावी. ती धडपडू लागली तर त्या दिवशी सोडून द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. गर्भकाळाचे शेवटचे दोन आठवडे आणि विणीनंतरचा पहिला आठवडा या काळात गिनीपिगला गर्भविषबाधा होण्याचा धोका असतो. नावात विष असले तरी बाहेरून काही पोटात गेलेले नसते. गर्भाची वाढ शेवटच्या पंधरवड्यात झपाट्याने होते आणि त्यांना लागणारी साखर आईच्या खाण्यातून यावी लागते. आईने खाणे कमी केले की शरीर साठवलेली चरबी जाळू लागते, यकृतात चरबी साचते आणि रक्तात किटोन नावाची आम्ले वाढतात. किटोन वाढले की भूक मरते, भूक मेली की किटोन आणखी वाढतात, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की ते तोडणे फार अवघड असते. काही माद्यांमध्ये वाढलेल्या गर्भाशयाचा भार रक्तवाहिन्यांवर पडून वारेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तसाच आजार उद्भवतो. लठ्ठ माद्या, पहिल्या-दुसऱ्या वेताच्या माद्या आणि जागा, सोबत किंवा खाणे अचानक बदललेल्या माद्या यात जास्त सापडतात.

एक मादी माझ्या चांगली लक्षात राहिली आहे. घरच्या मंडळींना बाहेरगावी जायचे होते, म्हणून विणीला आठवडा उरला असताना तिला दुसऱ्या घरी ठेवले होते. तिथे कोणी हयगय केली नव्हती, पिंजऱ्यात गवत भरपूर होते. पण ते तसेच्या तसे राहत होते, हे दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याकडे आणली तेव्हा ती पाय पोटाखाली घेऊन, केस पिंजारून बसली होती. हनुवटी लाळेने ओली झाली होती आणि तोंडाजवळ नाक नेले तर नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणासारखा गोडसर, झोंबणारा वास येत होता. गिनीपिगची लघवी नेहमी गढूळ असते, तिची मात्र पाण्यासारखी स्वच्छ झाली होती, कारण ती आम्लधर्मी बनली होती. ग्लुकोज, सलाईन, चुना, भरवणे, सगळे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली आणि पोटातली तिन्ही पिल्लेही गेली. उपचारांचा उपयोग होतो तो आजाराच्या पहिल्या काही तासांत, आणि ते तास हातात येण्यासाठी घरातल्या माणसाचे लक्ष असावे लागते.

म्हणून आजपासून विणीपर्यंत मादीची जागा, सोबत आणि खाणे यांत काहीही बदल करू नये. तिचे पोट मोठे दिसते म्हणून खाणे तोडू नये. लठ्ठपणा घालवायचा तो गर्भ राहण्याआधी. चांगल्या प्रतीचे वाळलेले गवत चोवीस तास समोर असावे. एरवी प्रौढ जनावराला न देण्याचा सल्ला मी ज्या लसूणघासाबद्दल देतो, तो गर्भकाळात आणि अंगावर पाजत असेपर्यंत रोज थोडा द्यावा, कारण त्यात चुना आणि प्रथिने अधिक असतात. पिल्ले दूध सोडू लागली की तो बंद करावा, नाहीतर पुढे मूतखड्याला निमंत्रण मिळते. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्यावा आणि मादीचे वजन रोज एकाच वेळी करावे. तिला उचलण्याऐवजी एका खोक्यात स्वतःहून चालत जाऊ द्यावे आणि खोके काट्यावर ठेवावे. उचलावेच लागले तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली द्यावा. वजन वाढत राहिले पाहिजे. ते एका दिवसात घसरले, समोर धरलेला आवडता घास तिने नाकारला किंवा लेंड्या लहान आणि कमी झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

याच काळात जीवनसत्त्व क चा प्रश्न येतो. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातूनच मिळावे लागते. एरवी दर किलो वजनामागे 10 ते 30 मिलिग्रॅम पुरते, गाभण मादीला मात्र 30 मिलिग्रॅम किंवा थोडे अधिक द्यावे. ढोबळी मिरची आणि हिरव्या पालेभाज्या हा उत्तम मार्ग आहे. गरज पडली तर नुसत्या क जीवनसत्त्वाचे थेंब सिरिंजने तोंडात द्यावेत. पिण्याच्या पाण्यात ते मिसळण्याची पद्धत मला पसंत नाही. पाण्यात आणि उजेडात ते लवकर नष्ट होते, आणि चव बदलल्यामुळे मादी पाणी पिणेच कमी करते. पेलेटमधील, म्हणजे गोळ्यांच्या रूपातील तयार खाद्यातील, क जीवनसत्त्वही साठवणीत घटत जाते, म्हणून तयार झाल्यापासून तीन महिने उलटलेल्या पेलेटवर विसंबू नये. बहुजीवनसत्त्वांची औषधे टाळावीत, कारण त्यांतील अ आणि ड जीवनसत्त्वे जास्त झाल्यास अपाय करतात.

वीण कशी होते हे एकदा समजले की उगाच हस्तक्षेप करण्याचा मोह होत नाही. मादी घरटे करत नाही, त्यामुळे फारशी पूर्वसूचना मिळत नाही. कळा सुरू झाल्या की ती मागचे पाय फाकवून बसते, अंगाला पीळ देते, हलकेसे कण्हते, आणि मग डोके पोटाखाली घालून बाहेर येणारे पिल्लू दातांनी ओढून घेते. लगेच ती त्याच्या तोंडावरचे आवरण फाडून ते चाटू लागते. पुढचे पिल्लू सहसा काही मिनिटांतच येते आणि सगळी वीण बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास आटोपते. जार, म्हणजे पिल्लामागून पडणारी वार, ती स्वतः खाते. ते नैसर्गिक आहे, काढून घेऊ नये. पिल्ले भराभर आली तर एखाद्याच्या नाकातोंडावरचे आवरण तसेच राहू शकते. आई दुसऱ्या पिल्लात गुंतलेली असेल आणि एखादे आवरणात निपचित पडलेले दिसले, तेवढ्याच वेळी आपण हात घालावा. स्वच्छ मऊ कापडाने तोंडावरचे आवरण दूर करावे, डोके किंचित खाली धरून नाक पुसावे, कापडानेच पाठ चोळावी, आणि श्वास सुरू झाला की पिल्लू आईजवळ ठेवावे.

मादी जोर करत आहे आणि वीस-तीस मिनिटांत एकही पिल्लू आले नाही, पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकले, थोड्याशा रक्ताऐवजी ताजे रक्त वाहत राहिले, दुर्गंधीयुक्त हिरवट-तपकिरी स्राव आला, किंवा जोर करता करता ती थकून गप्प बसली, तर मादी अडली आहे असे समजून तत्काळ दवाखाना गाठावा. पिल्लू स्वतः ओढू नये. कळा वाढवणारे इंजेक्शन हाडांची फट उघडलेली असेल आणि पिल्लू वाटेत नीट बसलेले असेल, तरच उपयोगी पडते. वाट बंद असताना ते दिले तर गर्भाशय फाटू शकते. अशा वेळी सिझेरियन हाच मार्ग उरतो. गिनीपिगमध्ये ही शस्त्रक्रिया जोखमीची आहे, पण मादी ताजीतवानी असताना केली तर निभावण्याची आशा असते. चार तासांनी आणलेल्या, दमून गेलेल्या मादीत ती फारच कमी राहते.

पिल्ले पाहून पहिल्यांदा प्रत्येकालाच नवल वाटते. अंगावर केस, उघडे डोळे, तोंडात दात, आणि तासाभरात ती पळू लागतात. एका विणीत बहुधा दोन ते चार पिल्ले असतात. निरोगी पिल्लू साधारण 60 ते 100 ग्रॅमचे असते. 50 ग्रॅमच्या खालच्या पिल्लाला जगवणे कठीण जाते. पहिल्या दिवशी ती फारशी प्यायली नाहीत किंवा वजन किंचित उतरले तर घाबरू नये. तिसऱ्या दिवसापासून मात्र वजन रोज वाढायला हवे. एक-दोन दिवसांतच ती आईचे पाहून गवत कुरतडू लागतात, पण दुधाची गरज तीन आठवड्यांपर्यंत असते. मादीला आचळे दोनच असतात, त्यामुळे चार-पाच पिल्ले असतील तर मागे पडणाऱ्या पिल्लाला आईजवळ एकट्याने पिण्याची संधी द्यावी. आई दगावली तर दूध देणारी दुसरी मादी सर्वांत उत्तम, कारण ती परक्या पिल्लांना सहसा पाजते. ती नसेल तर पशुवैद्य सांगतील ते दूध सिरिंजने, थेंब थेंब, पिल्लू पालथे असतानाच ओठाच्या कडेने द्यावे. उताणे धरून भरवल्यास दूध फुप्फुसात जाते. भरवून झाले की ओलसर कापसाने मूत्रद्वार आणि गुदद्वाराजवळचा भाग पुसावा, कारण लघवी आणि लेंडी होण्यासाठी सुरुवातीला आईच्या चाटण्याची गरज असते.

एकविसाव्या दिवशी नर पिल्ले आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावीत. हा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा. मादी पिल्ले चौथ्या आठवड्यापासूनच गाभण राहू शकतात आणि नर पिल्लांनाही फार वेळ लागत नाही. लिंग ओळखताना आपली एकदा फसगत झालीच आहे, तेव्हा यावेळी पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी.

व्यायल्यानंतर आईची आचळे रोज पाहावीत. आचळ गरम, कडक, लालसर-निळसर झाले, पिल्लांना जवळ करताना ती दूर सरू लागली किंवा दुधात रक्त दिसले, तर तो कासदाह असतो आणि तो लवकर रक्तात पसरतो. प्रतिजैविक लागते, पण येथे मला फार आग्रहाने सांगायचे आहे की गिनीपिगला घरातले उरलेले प्रतिजैविक कधीही देऊ नये. पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधे तिच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात, घातक जिवाणू वाढून विष तयार करतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन प्राणी मरतो. कुत्र्यासाठी दिलेल्या गोळीचा तुकडा मायेपोटी गिनीपिगला दिला आणि आतडी सुजून ती गेली, असे मी पाहिले आहे. औषध लिहून घेताना ‘हे गिनीपिगला चालते ना’ असे स्पष्ट विचारण्यात संकोच बाळगू नये.

इतर आजारांपैकी श्वसनाचा आजार सर्वांत घाईचा. नाकातून स्राव, डोळ्यांना चीकट पापुद्रा, श्वास घेताना बरगड्यांची धडधड दिसली तर तो न्यूमोनिया असू शकतो. ससे आणि कुत्रे आजारी न पडता त्याचे जिवाणू वाहून आणतात, म्हणून सशाला गिनीपिगसोबत ठेवू नये. दातांचे दुखणे हळूहळू येते. तिचे सगळे दात आयुष्यभर वाढतात, आणि गवत कमी मिळाले की दाढा वेड्यावाकड्या वाढून जिभेला अडवतात. खायला धावते, पण घास तोंडातून पडतो, हनुवटी ओली राहते, ही त्याची खूण. क जीवनसत्त्वाच्या कमतरतेत सांधे दुखतात, प्राणी चालायला कुरकुरतो आणि हिरड्यांतून रक्त येते.

खरजेचे किडे कातडीत बिळे करतात आणि खाज इतकी तीव्र असते की प्राण्याला झटके येतात. गाभण मादी त्या ताणाने गाभडूही शकते. गजकर्णाचे गोल, खवल्यांचे डाग चेहऱ्यावर सुरू होतात आणि ते माणसालाही लागते, म्हणून हात धुवावेत. लघवी करताना चीत्कार आणि लघवीत रक्त हे मूतखड्याचे लक्षण. मादी दोन-तीन वर्षांची झाल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ झाले, तर अंडाशयात गाठी असण्याची शक्यता मोठी, आणि तो भाग तपासून घ्यावा. उष्णतेबाबत एवढेच, की खोलीचे तापमान 27 अंशांच्या वर गेले की गाभण मादीला उष्माघात होऊ शकतो.

दवाखान्यात नेताना तिला उपाशी ठेवू नये. गिनीपिग ओकू शकत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठीही कुत्र्या-मांजरासारखे लांब उपवास तिला लागू नाहीत आणि ते घातकच ठरतात. खोक्यात ओळखीचे गवत आणि थोडी ओलसर भाजी ठेवावी, रोजच्या वजनांचा कागद सोबत घ्यावा, त्या दिवसाच्या लेंड्या एका डबीत घ्याव्यात, आणि ती पाजत असेल तर पिल्लांनाही त्याच खोक्यात तिच्यासोबत न्यावे.